गुडघ्यावरचा माणूस कुणाकडे पाहतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयातल्या एका प्रदर्शनासाठी गुलामगिरीविरोधी चळवळीतली चित्रं गोळा केली, तर बहुतेक चित्रांत कृष्णवर्णीय माणूस गुडघे टेकून, हात जोडून, साखळदंडांत दिसतो. चित्रं काढणारे तर गुलामांच्या बाजूचे होते. मग त्यांनी त्याला असंच का दाखवलं? त्या चित्रांनी लोकांची मतं खरंच बदलली का? आणि आज ती भिंतीवर लावावीत का?

मी मुद्राचित्रण शिकवते आणि स्वतःही लाकडावर, तांब्यावर कोरते. त्यामुळे अशा चित्राकडे पाहताना ते कशावर कोरलं, कुणी छापून घेतलं आणि कुणाच्या हातात पडावं म्हणून छापलं, हे मी आधी विचारते. या चित्रांच्या बाबतीत बरंचसं उत्तर तिथेच मिळतं. ती कामी आली यात मला शंका नाही. पण दया उपजावी म्हणून त्यांनी पाहणाऱ्याला दात्याच्या जागी बसवलं आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप चालला होता त्याला याचकाच्या जागी. ही वाटणी गुलामगिरी संपल्यावरही बराच काळ टिकली.

सुरुवात 1787 ची. त्या वर्षी मे महिन्यात लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी बारा जणांची एक समिती स्थापन झाली. त्यांतले नऊ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. समितीला शिक्का हवा होता. गुडघा टेकलेला, साखळदंडांतले हात वर उचललेला माणूस आणि त्याच्याभोवती ‘मी माणूस नाही का, तुमचा बंधू नाही का?’ हे शब्द, असं चित्र ठरलं. प्रसिद्ध कुंभकार-कारखानदार जोसाया वेजवूड या कामात होता. त्याच्या कारखान्यात विल्यम हॅकवूडने त्याचा साचा घडवला असं मानलं जातं. पांढऱ्या मातीच्या छोट्या लंबगोल चकतीवर काळ्या मातीची उठावातली आकृती. 1788 मध्ये वेजवूडने अशा चकत्यांचं पुडकं फिलाडेल्फियाला अमेरिकी पुढारी बेंजामिन फ्रँकलिनकडे पाठवलं. फ्रँकलिनने उलट कळवलं की उत्तमातल्या उत्तम पत्रकाइतकाच परिणाम ही आकृती करेल. फ्रँकलिन स्वतः मुद्रक होता, त्याला यातलं कळत होतं.

आता त्या आकृतीत काय नाही ते पाहा. मालक नाही, चाबूक नाही, उसाचं शेत नाही, जहाज नाही. ज्याच्याकडे तो मान वर करून पाहतोय तो माणूसही नाही. ती जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे, कारण तिथे तुम्ही उभे राहायचं आहे. ख्रिस्ती प्रेक्षकाला ही मुद्रा प्रार्थनेची म्हणून ओळखीची होती. त्यामुळे तो देवाकडे मागतोय की तुमच्याकडे, हे धूसर राहतं, आणि त्या धूसरपणातच युक्ती आहे. प्रश्नाचं उत्तर ‘होय’ असंच द्यावं लागतं. पण उत्तर देणारे आपण आणि उत्तराची वाट पाहणारा तो, हेही त्याच क्षणी ठरून जातं.

त्यांनी असं का केलं? निव्वळ वर्णद्वेष म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण मला ते अपुरं वाटतं. समितीला संसदेतल्या जमीनदारांची आणि व्यापाऱ्यांची मतं वळवायची होती. गुलाम मोकळे झाले तर गळे चिरतील, अशी भीती मळेवाल्यांची बाजू सतत घालत असे. 1791 मध्ये सँ-डोमिंगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनी खरोखर उठाव केला, तेव्हा तर ही भीती घालणं आणखी सोपं झालं. गुडघे टेकलेला, बांधलेला माणूस कुणाला भिववत नाही. तो बंड करत नाही, विनंती करतो. चळवळीने सुरक्षित चित्र निवडलं, आणि सुरक्षित चित्राची किंमत चित्रातल्या माणसाने मोजली.

दुसरं कारण अगदी छापखान्यातलं आहे, आणि माझ्या मते त्याकडे फार कमी लक्ष जातं. तांब्यावर कोरलेलं चित्र वेगळ्या दाबयंत्रावर, वेगळ्या कागदावर काढावं लागतं. ते महाग पडतं. लाकडाचा ठसा मात्र मजकूर जुळवायच्या शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे टाइपांच्या, उंचीचा असतो, मजकुराशेजारी चौकटीत बसतो आणि एकाच दाबात मजकुरासकट छापला जातो. त्याच्यावरून धातूचे ओतीव ठसेही काढता येतात. एकदा गुडघ्यावरच्या माणसाचा ठसा हाताशी आला की तो पत्राच्या माथ्यावर, पत्रकावर, पंचांगात, वर्गणीच्या पावतीवर कुठेही बसवता येतो. तुम्हाला जिथे तिथे तोच माणूस दिसला, त्याचं हेही एक साधं कारण आहे. शंभर चित्रकारांना शंभरदा तेच सुचलं असं झालेलं नाही.

चकत्यांची तर फॅशनच झाली. चळवळीचा मुख्य कार्यकर्ता टॉमस क्लार्कसन याने लिहून ठेवलंय की पुरुषांनी त्या तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर जडवून घेतल्या आणि स्त्रियांनी बांगड्यांत आणि केसांच्या आकड्यांत. त्याला याचा आनंदच वाटला. पुढे 1820 च्या दशकात ब्रिटनमधल्या स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या; 1825 मध्ये बर्मिंगहॅमची झाली. मग गुडघे टेकलेली स्त्री आली: ‘मी स्त्री नाही का, तुमची बहीण नाही का?’ हे चित्र अमेरिकेत गेलं, 1838 च्या तांब्याच्या टोकनांवर उमटलं. याच स्त्रीचं एक प्रसिद्ध कोरीव चित्र 1835 मध्ये पॅट्रिक रीझन या न्यूयॉर्कच्या कोरक्याने केलं, आणि तो स्वतः कृष्णवर्णीय होता. ‘गोऱ्यांनी लादलेली प्रतिमा’ असं एका वाक्यात सांगून मोकळं होता येत नाही ते यामुळे. रीझनला ती आकृती वापरावीशी वाटली. पुढे त्यानेच गुलामीतून निसटलेल्या हेन्री बिबचं उभं, सुटाबुटातलं व्यक्तिचित्रही कोरलं.

याच काळातल्या साखरेच्या भांड्यांचा आपल्याशी थेट संबंध आहे. इंग्लंडमध्ये मिळणाऱ्या काही भांड्यांवर लिहिलेलं असे की ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी बनवलेली नाही. काहींवर हिशेबही असे: सहा कुटुंबांनी वेस्ट इंडीजच्या ऐवजी ईस्ट इंडियाची साखर वापरली, तर एक गुलाम कमी लागेल. भांड्यावर गुलामाचं चित्र असे. ज्या हिंदुस्थानी शेतकऱ्याची साखर आत होती, त्याचं काय चाललंय याची चौकशी मात्र नसे. आणि 1833 च्या ब्रिटिश गुलाममुक्तीच्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. कंपनीच्या राज्यात गुलामीला कायद्याचं पाठबळ नाकारणारा कायदा यायला 1843 उजाडलं.

आता ‘ब्रूक्स’ जहाजाचा नकाशा. माझ्या मते या सगळ्यातलं हे सर्वांत प्रभावी चित्र, आणि सर्वांत गुंतागुंतीचंही. लिव्हरपूलचं हे जहाज गुलामांच्या व्यापारातलं. 1788 मध्ये ब्रिटिश संसदेने जहाजाच्या आकारमानानुसार किती माणसं भरता येतील याची मर्यादा घातली. त्या कायद्याने ब्रूक्सला 454 माणसं नेता येत होती. प्लिमथच्या समितीने आधी एक नकाशा छापला. 1789 मध्ये लंडनच्या समितीने तो वाढवून सुधारून काढला. प्रत्येक प्रौढ पुरुषाला सहा फूट लांब आणि एक फूट चार इंच रुंद जागा, स्त्रियांना, मुलग्यांना, मुलींना त्याहून कमी, असं माप धरून त्यांनी माणसं मांडली. लंडनच्या चित्रात 482 आकृत्या आहेत. खाली मजकुरात सांगितलं होतं की कायद्याआधी याच जहाजाने एका फेरीत 609 माणसं नेली होती.

कोरणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर यात भावना चेतवणारी एकही रेष नाही. जहाजबांधणीचे नकाशे काढायची जी पद्धत होती, तीच वापरली आहे: तळाचा आराखडा, उभा छेद, मोजमाप. चित्र ओरडत नाही, हिशेब दाखवतं. म्हणूनच ‘अतिशयोक्ती केली’ असं म्हणायला विरोधकांना जागा उरली नाही. मापं नौदलाच्या अधिकाऱ्याने घेतलेली होती. क्लार्कसन हे चित्र घेऊन पॅरिसला गेला. फ्रेंच राज्यक्रांतीतला पुढारी मिराबो याने त्यावरून लाकडी प्रतिकृती करून घेतली. संसदेत चळवळीची बाजू मांडणाऱ्या विल्यम विल्बरफोर्सने तशीच एक प्रतिकृती ब्रिटिश संसदेत दाखवली.

पण त्याच चित्राकडे दुसऱ्या बाजूने पाहा. 482 माणसांना मिळून चेहरा एकही नाही. सगळे आडवे, सगळे सारखे, सगळे शांत. ज्या नजरेने व्यापारी माणसांना माल म्हणून रचत होता, त्याच नजरेने समितीनेही ती रचून दाखवली. फरक इतकाच की व्यापाऱ्याला ते नफ्याचं दिसत होतं आणि प्रेक्षकाला भयंकर. खऱ्या जहाजात अशी शिस्त नव्हती. तिथे जुलाब होते, घाण होती, किंकाळ्या होत्या. बंदीवानांनी बंड केलं तर खलाशांना आडोसा मिळावा म्हणून अशा जहाजांवर मजबूत लाकडी आडभिंत उभारत, आणि कुणी समुद्रात उडी टाकू नये म्हणून कडेला जाळ्या बांधत. या दोन्ही गोष्टी सांगतात की आतली माणसं निपचित पडलेली नव्हती, लढत होती. प्रेक्षकाच्या मनात मात्र ती आडवीच राहिली.

फटके आणि यातना दाखवणारी चित्रं ही तिसरी जात, आणि इथे माझं मत बरंच कडक आहे. 1792 मध्ये आयझॅक क्रूकशँकने एक रंगीत व्यंगचित्र काढलं: जहाजाचा कप्तान किंबर, आणि एका पायाला दोरी बांधून उलटी टांगलेली पंधरा वर्षांची मुलगी. किंबरवर खटला चालला आणि तो सुटला. चित्र अत्याचाराविरुद्ध आहे, हे खरं. पण तिचं उघडं शरीर ज्या बारकाईने दाखवलं आहे, ती बारकाई निषेधासाठी लागत नाही. 1796 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीवरच्या, स्टेडमन या सैनिकाच्या ग्रंथासाठी कवी-चित्रकार विल्यम ब्लेकने कोरलेली चित्रं कलेच्या दृष्टीने कितीतरी वरची आहेत. बरगडीतून आकडा घालून जिवंत टांगलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्याने जी स्तब्धता ठेवलीय, ती पाहवत नाही आणि नजरही हटत नाही. तरी झाडाला बांधलेल्या, फटके खाणाऱ्या स्त्रीचं त्यातलंच चित्र पाहताना मला प्रश्न पडतो की हे विकत घेणारा हळहळत होता की बघत होता. दोन्ही एकाच वेळी करता येतं, आणि ते तसं केलं जात होतं.

अमेरिकेत चित्रांची भीती किती होती याचा पुरावा 1835 चा. तिथल्या गुलामगिरीविरोधी संस्थेने त्या उन्हाळ्यात हजारो छापील पत्रकं दक्षिणेत टपालाने पाठवली. जुलैच्या अखेरीस चार्ल्सटनमध्ये जमावाने ती टपालातून काढून जाळली. डिसेंबरमध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी आपल्या वार्षिक संदेशात गुलामांना भडकवणाऱ्या साहित्याचा उल्लेख केला, तेव्हा चित्रांचं नाव वेगळं घेतलं. कारण उघड आहे. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणं गुन्हा ठरवलेलं होतं. पण चित्र वाचायला शाळा लागत नाही. खरं तर पत्रकं गुलामांना पाठवलेलीच नव्हती, गोऱ्या प्रतिष्ठितांना पाठवली होती. पुढच्या वर्षी याच संस्थेने मुलांसाठी एक इवलंसं सचित्र मासिक सुरू केलं, एका सेंटला एक.

तिकडे गुलामांच्या मालकांकडेही ठसे होतेच. पळालेल्या गुलामाला पकडून देण्याच्या जाहिरातीत, काठीला गाठोडं अडकवून चाललेल्या माणसाचा तयार ठसा बसवत. हजारो वेगवेगळ्या माणसांना एकच आकृती. पण त्याखालचा मजकूर वाचा: कपाळावर व्रण आहे, सुतारकाम येतं, फ्रेंच बोलतो, बायको अमुक गावी आहे, तिकडे गेला असेल. माणूस ओळखू यावा म्हणून मालकालाच त्याचं माणूसपण तपशिलात लिहावं लागलं. चित्राने जे पुसलं ते जाहिरातीच्या शब्दांत शिल्लक राहिलं. चळवळीवाल्यांनी या जाहिराती जशाच्या तशा पुन्हा छापल्या, आणि ते फार हुशारीचं काम होतं.

कृष्णवर्णीय माणसांनी स्वतः आपलं चित्र कसं काढून घेतलं, हे तुमच्या संग्रहात बहुधा कमी असेल. गुलामीतून सुटलेल्या ओलाउदा इक्वियानोने 1789 मध्ये, म्हणजे ब्रूक्सचा नकाशा लंडनमध्ये छापला गेला त्याच वर्षी, आत्मचरित्र छापलं. मुखपृष्ठासमोरच्या चित्रात तो उत्तम कोट घालून बसला आहे, हातात उघडं बायबल आहे आणि नजर सरळ आपल्याकडे. मागणं काही नाही. पुढचं उदाहरण 1839 मध्ये ‘अमिस्ताद’ जहाजावर बंदी आफ्रिकनांनी केलेल्या उठावाचं. त्याचा पुढारी सिंके याचं चित्र फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट पर्विस या कृष्णवर्णीय पुढाऱ्याने नथॅनिएल जोसेलिनकडून काढून घेतलं. खांद्यावरून पांढरं वस्त्र, हातात वेताची काठी, मागे डोंगर आणि आकाश. जुन्या रोमन वीरासारखा तो उभा आहे. जॉन सार्टेनने 1841 मध्ये त्यावरून छापील प्रती केल्या. मूळ चित्र फिलाडेल्फियाच्या कलाप्रदर्शनात ठेवायला मात्र नकार मिळाला. गुडघ्यावरचा माणूस दिवाणखान्यात चालत होता. हत्यार उचलून स्वतःची सुटका केलेला, उभा माणूस भिंतीवर नको होता.

फ्रेडरिक डग्लसने या विषयावर जितका विचार केला तितका त्या काळात क्वचितच कुणी केला असेल. तो स्वतः गुलामीतून पळालेला. 1849 मध्ये त्याने आपल्या वृत्तपत्रात लिहिलं की गोऱ्या चित्रकाराकडून कृष्णवर्णीयाचं निःपक्ष चित्र निघणं जवळजवळ अशक्य आहे. चेहऱ्याची ठेवण ते वाढवून काढतात. ज्या पुस्तकाबद्दल तो लिहीत होता त्यात त्याचंही चित्र होतं, आणि त्यात त्याला हसरा, प्रेमळ करून टाकला होता. पळालेल्या गुलामाचा चेहरा सहसा असा नसतो, हा त्याचा शेरा. छायाचित्र मात्र त्याने जवळ केलं. त्याची सुमारे 160 वेगवेगळी छायाचित्रं आज ठाऊक आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही अमेरिकन माणसापेक्षा जास्त. त्यांत तो जवळपास कधीच हसत नाही. गुलामीतून सुटलेल्या सोजर्नर ट्रुथ या स्त्रीनेही 1864 मध्ये आपली छोटी छायाचित्रं स्वतः विकली, खाली ओळ छापून: देह चालावा म्हणून मी सावली विकते.

1863 मधलं, पाठीवर चाबकाच्या वळांचं जाळं उमटलेल्या माणसाचं छायाचित्र तुम्ही पाहिलंच असेल. अमेरिकेच्या यादवी युद्धात, बॅटन रूजला, उत्तरेच्या सैन्याच्या छावणीत घेतलेलं. 4 जुलै 1863 च्या ‘हार्पर्स वीकली’मध्ये ते लाकडावर कोरून छापलं गेलं, तेव्हा एकटं नव्हतं. गॉर्डन नावाने ओळखलेल्या त्या माणसाची तीन चित्रं होती: छावणीत आला तेव्हा चिंध्यांत, मग पाठ, मग सैनिकाच्या गणवेशात. त्या युद्धात सुमारे 1,80,000 कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेकडून लढले. आज सगळीकडे फक्त मधलं चित्र फिरतं. त्यातही पाहा, तो कमरेवर हात ठेवून, मान वळवून बसला आहे. त्या हाताकडे लोकांचं लक्ष जात नाही.

मतं बदलली का? ब्रिटनमध्ये 1791-92 च्या सुमारास सुमारे तीन लाख लोकांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली असा क्लार्कसनचा अंदाज होता, आणि 1792 मध्ये संसदेकडे 519 अर्ज गेले. हे नुसत्या चित्रांनी झालं नाही, पण चित्रांशिवायही झालं नसतं. तरी व्यापारबंदीला 1807 उजाडलं, आणि मुक्तीच्या 1833 च्या कायद्याआधी जमैकात गुलामांचा मोठा उठाव व्हावा लागला. त्या उठावाला समितीच्या चित्रांत जागा नव्हती. कायद्याने 2 कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना. मुक्त झालेल्यांच्या वाट्याला आणखी काही वर्षं ‘उमेदवारी’च्या नावाखाली सक्तीचं बिनपगारी काम आलं. हे चित्रांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण ज्याला सतत काहीतरी मागताना पाहिलं, त्याचं आपण काही देणं लागतो हे सुचणं अवघड जातं.

महाराष्ट्रात या चळवळीची आठवण निघते ती जोतीराव फुल्यांमुळे. 1873 च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना आहे, त्यांनी निरपेक्षपणे, स्वार्थत्याग करून काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी केलेल्या कामाबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा म्हणून. चळवळीने जगभर स्वतःची जी प्रतिमा पोचवली होती, तिचाच धागा या कौतुकात दिसतो: मुक्ती देणारा उदार हात. फुल्यांना तो दाखला इथल्या वरच्या जातींना लाजवायला हवा होता, त्यामुळे निवड समजते. शिवाय आतल्या मजकुरात ते शूद्रातिशूद्रांना कुणापुढे हात जोडायला सांगत नाहीत. तुमच्या प्रदर्शनात या अर्पणपत्रिकेची प्रत ठेवता आली तर जरूर ठेवा.

आणि वॉशिंग्टनमधल्या मुक्तिस्मारकातला लिंकनचा पुतळा. पैसे मुक्त झालेल्या गुलामांनी जमवले. पहिले पाच डॉलर शार्लट स्कॉट या स्त्रीने दिले. आराखड्यात मात्र त्यांना विचारलं नाही. शिल्पकार टॉमस बॉलने लिंकनला उभं केलं आणि त्याच्या पायाशी तोच 1787 चा गुडघ्यावरचा माणूस बसवला, फक्त साखळी तोडून. 14 एप्रिल 1876 ला उद्घाटनाचं भाषण डग्लसचं होतं. काही दिवसांतच त्याने वृत्तपत्राला पत्र लिहिलं की मरण्याआधी चार पायांच्या जनावरासारखा बसलेला नव्हे, तर माणसासारखा पायांवर उभा असलेला कृष्णवर्णीय स्मारकात पाहायचा आहे. बोस्टनमधली याच पुतळ्याची प्रतिकृती डिसेंबर 2020 मध्ये हटवली.

तेव्हा तुमच्या भिंतीबद्दल. वेजवूडची चकती लावा, पण इक्वियानोचं 1789 चं चित्र तिच्याशेजारी, तेवढ्याच आकारात आणि त्याच उंचीवर लावा. ब्रूक्सचा नकाशा मोठा छापा, मजकुरासकट. मजकूर कापला तर तो नुसता नमुना होतो. गॉर्डनची तिन्ही चित्रं एकत्र लावा, नाहीतर एकही लावू नका. क्रूकशँकचं चित्र मी लावणार नाही. त्या मुलीबद्दल जे सांगायचं ते शब्दांत सांगता येतं. आणि प्रत्येक चित्राखाली कोरणाऱ्याइतक्याच ठळक अक्षरांत चित्रातल्या माणसाचं नाव द्या. नाव ठाऊक नसेल तिथे ‘नाव नोंदवलेलं नाही’ असं लिहा.